हुकलेला विजय : बरोबरीत सुटलेल्या डावाचा अभ्यास

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तेथे मराठ्यांची गादी स्थापन केली, आणि १८५५ पर्यंत ती टिकली. याच प्रदेशात बुद्धिबळाशी निगडित असलेली दोन ठिकाणे आहेत. पहिले नीडामंगलमजवळचे तिरुप्पूवनूर हे गाव. तेथील शिवमंदिरातील देवाचे नाव चतुरंग वल्लभनाथर असे आहे. चतुरंगाच्या खेळात आपल्याला जो हरवील त्यालाच वरीन, असा पण असलेल्या राजकन्येला प्रत्यक्ष शंकराने पटावर जिंकले, अशी तेथील आख्यायिका आहे. दुसरे ठिकाण म्हणजे मयिलाडुतुरै. ११ डिसेंबर १९६९ रोजी विश्वनाथन आनंदचा जन्म तेथे झाला, तेव्हा ते गाव तंजावर जिल्ह्यातच मोडत होते. पुढे जिल्ह्याची विभागणी झाली. आज तिरुप्पूवनूर तिरुवारूर जिल्ह्यात आहे आणि मयिलाडुतुरै हा स्वतंत्र जिल्हा आहे.

आख्यायिकेतील डाव निकाली होतो. एक जिंकतो, दुसरा हरतो, आणि कथा संपते. श्रेष्ठ खेळाडूंच्या स्पर्धांत मात्र पुष्कळसे डाव बरोबरीत सुटतात. त्यांतील काही बरोबऱ्या दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळल्यामुळे होतात. परंतु काहींच्या पोटात एक हुकलेला विजय दडलेला असतो. एका पक्षाच्या हातात डाव आलेला असतो, आणि तो निसटतो. गुणफलकावर दोन्हींची नोंद सारखीच होते : प्रत्येकी अर्धा गुण. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र दोहोंत मोठे अंतर असते. हुकलेल्या विजयाइतका बोधप्रद डाव दुसरा नसतो. परंतु विजय कशामुळे हुकला हे नेमके ओळखता आले तरच.

सोफियातील नववा डाव

२०१० मध्ये बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे आनंद आणि व्हेसेलिन टोपालोव यांच्यात जगज्जेतेपदासाठी बारा डावांचा सामना झाला. आनंद विद्यमान जगज्जेता होता. टोपालोव आव्हानवीर होता आणि आपल्या मायदेशात खेळत होता. आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमानवाहतूक बंद पडली होती. आनंदला जर्मनीहून सोफियापर्यंतचा प्रवास रस्त्याने करावा लागला आणि सामना एक दिवस उशिरा, २४ एप्रिलला सुरू झाला.

पहिला डाव टोपालोवने जिंकला, दुसरा व चौथा आनंदने. आठव्या डावात भिन्नरंगी उंटांचा अंतिम टप्पा आला. एका पक्षाचा उंट पांढऱ्या घरांतून व दुसऱ्याचा काळ्या घरांतून फिरत असला, तर डाव सहसा बरोबरीकडे झुकतो. हा डावही वाचविता येण्याजोगा होता. पण आनंदची एक चाल चुकली आणि टोपालोवने गुणसंख्या ४–४ अशी बरोबरीत आणली. सामन्याचे चार डाव उरले होते.

६ मे रोजी नवव्या डावात आनंदकडे पांढरी मोहरी होती. निम्झो-इंडियन बचावातून निघालेल्या या डावात आनंदने आपला वजीर दिला आणि मोबदल्यात प्रतिपक्षाचे दोन हत्ती घेतले. डाव त्याच्या बाजूने झुकला. पुढे जिंकण्याची संधी एकदा नव्हे, अनेकदा आली, असे नंतरच्या विश्लेषणातून स्पष्ट झाले. तरीही ८३ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. गुणसंख्या ४½–४½ झाली. पांढऱ्या मोहऱ्यांचा आता एकच डाव आनंदच्या वाट्याला उरला होता, आणि शेवटच्या डावात त्याला काळी मोहरी घेऊन बसावयाचे होते. म्हणजे येथे निसटलेला अर्धा गुण साधा नव्हता. त्याच्यावर जगज्जेतेपद अवलंबून होते.

असे का घडते? जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूला जिंकलेला डाव जिंकता येऊ नये, याचे कारण काय? 'चूक झाली' एवढे उत्तर पुरेसे नाही, कारण चुका एकाच जातीच्या नसतात. विजय हुकण्याचे तीन प्रकार मानणे सोयीचे ठरते. पहिला अज्ञानाचा, दुसरा घाईचा, आणि तिसरा मानवी दृष्टीच्या मर्यादेचा.

पहिला प्रकार : नियम ठाऊक नसणे

येथे वाचकाने पट मांडून घ्यावा. पटाच्या उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून अनुक्रमे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे क्रमांक आहेत. पांढऱ्याचा राजा डी३ वर व प्यादे ई२ वर ठेवावे. काळ्याचा एकटा राजा ई६ वर ठेवावा. चाल पांढऱ्याची आहे.

नवशिक्या खेळाडूला वाटते, प्यादे पुढे नेल्यावाचून त्याचा वजीर कसा होणार? म्हणून तो प्यादे ई४ वर ढकलतो. या एका चालीने विजय संपतो. काळ्याचा राजा ई५ वर येऊन प्याद्यापुढे उभा राहतो. पांढरा राजा ई३ वर आला की काळा ई६ वर सरतो. पांढरा डी४ वर गेला की काळा डी६ वर जातो. दोन राजे एकच घर मध्ये सोडून समोरासमोर उभे राहिले आणि चाल करण्याची पाळी प्रतिपक्षावर आली, तर या स्थितीला बुद्धिबळात ऑपोझिशन म्हणतात. येथे ती काळ्याच्या हाती गेली आहे. पांढऱ्याने पुढे कितीही प्रयत्न केला तरी प्यादे सातव्या ओळीत पोचते तेव्हा काळ्याचा राजा त्याच्यापुढे आठव्या ओळीत असतो. मग एक तर प्यादे सोडून द्यावे लागते, किंवा स्टेलमेट होते, म्हणजे काळ्या राजाला शह नसतो, पण चालण्यास घरही नसते.

त्याच मूळ स्थितीत पांढऱ्याने प्याद्याला हात न लावता राजा ई४ वर नेला, तर डाव जिंकलेला आहे. आता काळ्याला बाजू द्यावी लागते. तो डी६ वर गेला तर पांढरा राजा एफ५ वर शिरतो. तो एफ६ वर गेला तर पांढरा डी५ वर शिरतो. राजा पुढे, प्यादे मागे, असा हा क्रम आहे. शिवाय ई२ वरचे प्यादे मागे राहिल्यामुळे गरज पडेल तेव्हा वापरावयास एक जादा चाल पांढऱ्याच्या गाठीशी राहते. घाईने पुढे गेलेले प्यादे ही चाल आधीच खर्च करून बसते.

दुसरे उदाहरण याहून फसवे आहे. पांढऱ्याजवळ राजा, एक उंट आणि एच ओळीतील प्यादे आहे. काळ्याजवळ केवळ राजा. एक उंट व एक प्यादे जास्त असूनही पांढरा जिंकेलच असे नाही. प्यादे ज्या घरात वजीर होणार ते एच८ हे घर काळे आहे. पांढऱ्याचा उंट पांढऱ्या घरांतून फिरणारा असेल तर त्या कोपऱ्यावर त्याची सत्ता कधीच चालणार नाही. काळ्याचा राजा एच८ या कोपऱ्यात पोचला की त्याला तेथून हुसकता येत नाही. पांढरा राजा जी६ वर, उंट डी५ वर, प्यादे एच६ वर आणि काळा राजा एच८ वर, चाल काळ्याची, अशी स्थिती मांडून पाहावी. काळ्या राजाला शह नाही आणि हलण्यास घरही नाही. डाव बरोबरीत सुटला. उंट काळ्या घरांतून फिरणारा असता तर हाच डाव सहज जिंकता आला असता.

या उदाहरणात विजय शेवटच्या चालीला हुकत नाही. तो दहा-पंधरा चाली आधी, मोहऱ्यांची मारामारी करताना, कोणता उंट ठेवावा आणि कोणत्या ओळीतील प्यादे वाचवावे, हे ठरविताना हुकलेला असतो. नियम ठाऊक नसलेल्या खेळाडूला ती घटका येऊन गेल्याचेही कळत नाही. या प्रकारची चूक मात्र सर्वांत लवकर बरी होणारी आहे. दोन संध्याकाळी पटासमोर बसून हे दोन नियम शिकून घेता येतात.

दुसरा प्रकार : ठाऊक असूनही क्रम चुकणे

श्रेष्ठ खेळाडूंचे विजय बहुधा या दुसऱ्या प्रकाराने हुकतात. विजयाचा मार्ग आहे, तो सर्वसाधारणपणे ठाऊकही आहे. पण त्यासाठी आधी एक शांत, तयारीची चाल करावी लागते, आणि ती घाईत राहून जाते.

याचे उत्तम उदाहरण हत्तींच्या अंतिम टप्प्यात सापडते. पांढरा राजा जी८ वर, प्यादे जी७ वर, हत्ती एफ१ वर, काळा राजा ई७ वर, हत्ती एच२ वर, चाल पांढऱ्याची. प्यादे वजीर होण्यास एकच पाऊल उरले आहे, पण त्याचाच राजा वाटेत उभा आहे. पांढरा प्रथम हत्ती ई१ वर नेऊन शह देतो. काळा राजा डी७ वर सरतो. आता राजाला लगेच एफ७ वर बाहेर काढण्याचा मोह होतो. तसे केल्यास काळ्याचा हत्ती एफ२ वरून शह देतो, नंतर जी२ वरून, आणि शहांची ही मालिका थांबत नाही, कारण राजाला आडोसा नाही.

योग्य चाल वरकरणी निरर्थक वाटते : हत्ती ई४. काळ्याने हत्ती एच१ वर नेला असे धरू. आता राजा एफ७ वर निघतो. काळा एफ१ वरून शह देतो, राजा जी६. जी१ वरून शह, राजा एफ६. एफ१ वरून पुन्हा शह, राजा जी५. जी१ वरून शेवटचा शह येतो तेव्हा ई४ वरचा हत्ती जी४ वर येऊन मध्ये उभा राहतो. शह संपले, आणि प्यादे आता वजीर होणारच. या रीतीला पूल बांधणे म्हणतात. आधी पूल, मग प्रवास. क्रम उलटला की त्याच मोहऱ्या, तेच प्यादे, पण विजय हाती येत नाही. या उदाहरणात माघारी जाऊन चूक सुधारता येते; प्रत्यक्ष डावात ती सवड दर वेळी मिळतेच असे नाही.

सोफियातील नवव्या डावाची अडचण याच जातीची, पण कितीतरी अधिक गुंतागुंतीची होती. दोन हत्ती एकमेकांना जोडून चालले तर वजिराहून बलवान ठरतात. दोघे मिळून एकाच प्याद्यावर चाल करून गेले तर वजीर एकटा त्याचे रक्षण करू शकत नाही. परंतु वजिराजवळ एक असे शस्त्र आहे जे हत्तींजवळ नाही. तो सरळ चालतो आणि तिरपाही चालतो, म्हणून उघड्या राजाला कुठूनही शह देऊ शकतो. पुन्हा पुन्हा शह मिळत राहिला तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणून ज्याच्याजवळ दोन हत्ती आहेत त्याने आधी आपला राजा शहांपासून सुरक्षित ठेवावयाचा असतो, आणि मगच हल्ला पुढे न्यावयाचा असतो. हल्ला आणि आडोसा यांचा तोल प्रत्येक चालीला नव्याने तपासावा लागतो.

त्यात घड्याळाची भर पडते. त्या सामन्यात पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकाला १२० मिनिटे, पुढील २० चालींसाठी ६० मिनिटे, आणि त्यानंतर उरलेल्या डावासाठी १५ मिनिटे व ६१व्या चालीपासून दर चालीमागे ३० सेकंद अशी वेळ दिलेली होती. ८३ चालींच्या डावात खेळाडू सहासहा तास पटासमोर असतो. घरी बसून डाव पाहणाऱ्याला जी चाल स्वच्छ दिसते, ती त्या खेळाडूला घड्याळाचा काटा पाहत, थकलेल्या मनाने शोधावयाची असते. हे सांगण्याचा हेतू चुकीवर पांघरूण घालण्याचा नाही. चूक कोठे असते हे दाखविण्याचा आहे. ती ज्ञानात नव्हती. ती ज्ञान वेळेवर हाताशी येण्यात होती.

प्रतिपक्षाचे श्रेयही येथे नोंदविले पाहिजे. हुकलेला विजय म्हटला की सारे लक्ष ज्याचा विजय हुकला त्याच्याकडे जाते. पण पटाच्या पलीकडे बसलेला खेळाडू हरत असतानाही प्रत्येक चालीला एखादी नवी अडचण उभी करीत असतो. सोपा मार्ग तो बंद करतो आणि अवघड मार्ग तेवढा उघडा ठेवतो. टोपालोवने ८३ चालींपर्यंत हेच केले. त्याचा अर्धा गुण दान म्हणून मिळालेला नव्हता.

दोन वर्षांनी हाच न्याय आनंदच्या बाजूने लागला. २०१२ मध्ये मॉस्को येथे बोरिस गेलफांडविरुद्धचा सामना बारा डावांनंतर ६–६ असा बरोबरीत राहिला, आणि ३० मे रोजी जलद गतीच्या चार डावांनी निकाल लावावयाचे ठरले. त्यांपैकी दुसरा डाव आनंदने जिंकला. तिसऱ्या डावात गेलफांडने हत्तींच्या अंतिम टप्प्यात जिंकण्याजोगी स्थिती मिळविली होती. पण हाती थोडाच वेळ असताना त्याला नेमकी चाल सापडली नाही आणि डाव बरोबरीत सुटला. आनंदने ती जलद फेरी २½–१½ अशी जिंकून जगज्जेतेपद राखले. एका वर्षी हुकलेला विजय त्याचा होता; दुसऱ्या वेळी दुसऱ्याचा.

तिसरा प्रकार : जे माणसाला दिसत नाही

तिसरा प्रकार संगणकाच्या युगात निर्माण झाला. २०१८ मध्ये लंडन येथे माग्नुस कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात बाराही डाव बरोबरीत सुटले. १६ नोव्हेंबरला झालेल्या सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कारुआनाने ६८व्या चालीला उंट एच४ वर नेला असता तर तो जिंकला असता, असे एका शक्तिशाली संगणकाने डाव चालू असतानाच दाखविले. त्या मार्गात पुढे दोन चालींनी घोडा जी१ या घरात, पटाच्या अगदी कडेला, न्यावा लागतो. घोडा मध्यभागी ठेवावा, कडेला नेऊ नये, असे प्रत्येक खेळाडूला बालपणापासून शिकविले जाते. संगणकाच्या मार्गात मात्र तो कडेला जाऊन पांढऱ्याच्या उंटाची वाट रोखतो, आणि विजय त्यानंतरही पुष्कळ चालींनी मिळतो.

कारुआनाने ही चाल केली नाही, याला चूक म्हणावे काय? काटेकोर अर्थाने होय, कारण विजय उपलब्ध होता. पण शिकण्याच्या दृष्टीने या चुकीचा उपयोग थोडा. पटावरील मोहऱ्यांची संख्या दोन्ही राजे धरून सातपर्यंत खाली आली, की आता संगणकाच्या कोष्टकांतून प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल मिळतो. अशा साधनाने तपासले तर थोर खेळाडूंच्या जुन्या डावांतही हुकलेले विजय सापडतात. म्हणून यंत्राने दाखविलेल्या प्रत्येक विजयासाठी स्वतःला दोष देणारा विद्यार्थी लवकरच निराश होतो, आणि ज्या चुका खरोखर सुधारता आल्या असत्या त्यांच्याकडे त्याचे दुर्लक्ष होते.

अभ्यासाची रीत

यावरून अभ्यासाची एक साधी पद्धत सुचते. बरोबरीत सुटलेला आपला डाव विद्यार्थ्याने त्याच दिवशी पुन्हा मांडावा, आणि संगणकाची मदत घेण्यापूर्वी स्वतःच्या मताने लिहून काढावे : आपण जिंकत आहोत असे केव्हा वाटले, कोणत्या चालीला तो विश्वास डळमळला, आणि त्या वेळी घड्याळात किती मिनिटे उरली होती. त्यानंतर यंत्राचे मत पाहावे. मग प्रत्येक हुकलेल्या संधीपुढे एक खूण करावी. नियम ठाऊक नव्हता, तर तो नियम पट मांडून शिकावा. नियम ठाऊक होता पण क्रम चुकला, तर आधी कोणती तयारीची चाल हवी होती ते लिहावे, आणि पुढील डावात महत्त्वाच्या क्षणी खर्च करण्यासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. चाल केवळ यंत्रालाच दिसणारी असेल, तर तिचे कौतुक करावे आणि पुढे जावे. वर्षभरात अशा पंचवीस-तीस डावांची वही झाली, की आपला कोणता दोष पुन्हा पुन्हा डोके वर काढतो हे कुणी सांगण्याची गरज राहत नाही.

या रीतीत आणखी एक लाभ आहे. हुकलेल्या विजयाची सर्वांत मोठी किंमत त्या डावात मोजावी लागत नाही. ती पुढच्या डावात मोजावी लागते. निसटलेला अर्धा गुण परत मिळविण्याच्या ईर्ष्येने खेळाडू दुसऱ्या दिवशी नको ते धाडस करतो, किंवा खचून जाऊन जिंकण्याची इच्छाच गमावतो. चुकीला तिचे नाव देऊन वहीत बंद करता आले, तर तिचे ओझे पुढच्या डावात न्यावे लागत नाही.

सोफियात नवव्या डावानंतर विश्रांतीचा दिवस नव्हता. ७ मे रोजी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, दहावा डाव काळ्या मोहऱ्यांनी खेळून आनंदने तो बरोबरीत सोडविला. ९ मेचा अकरावा डावही बरोबरीत सुटला, आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या मोहऱ्यांची शेवटची संधी संपली. ११ मे रोजी बाराव्या डावात आनंदने काळ्या मोहऱ्यांनी लास्करच्या नावाने ओळखला जाणारा जुना, संयमी बचाव निवडला. जलद डावांच्या फेरीपूर्वीच निकाल लागावा अशा बेताने टोपालोव खेळला, आणि त्या प्रयत्नात त्याने आपला राजा उघड्यावर आणला. या वेळी वजीर आनंदकडे होता आणि हल्लाही त्याचाच होता. ५६ चालींत त्याने तो डाव जिंकला आणि ६½–५½ अशा गुणांनी जगज्जेतेपद राखले.